पूजलेला फळा

माझी पाळी कधी येते हे एके काळी आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक असे. सासूला, सासऱ्यांना, नवऱ्याला, समोर राहणाऱ्या चुलतसासूला आणि रतिबाचं दूध घालणाऱ्या गवळणीलासुद्धा. ते चार दिवस मी मागच्या पडवीत चटईवर बसलेली दिसे आणि गवळण दूध ओतता ओतता विचारी, "आज दुसरा का तिसरा?" त्यामुळे लग्नाला तीन वर्षं झाली तरी माझ्याकडे काही बातमी नाही, हे वेगळं कुणाला सांगावं लागलं नाही. दवंडी पिटायची सोय घरातच होती.

मी निपाणीकडची. पन्नास-साठच्या मधल्या कुठल्याशा वर्षी लग्न होऊन बंगळूरला आले. सासरचे लोक बंगळूरच्या पेठेतले, तीनशे वर्षांपासूनचे मराठी. आपले पूर्वज एका सरदाराच्या घोड्यामागून इथे आले, असं सासरे अभिमानाने सांगत. "घोड्यावरून का नाही, मागून का?" असं मी नव्या नवरीपणी विचारलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या मराठीत कानडी असं मुरलेलं की पहिले सहा महिने मी नुसती मान डोलवत होते. थोडं म्हणजे 'स्वल्प', बरं म्हणजे 'सरी'. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत आणि सासूला अख्खी गल्ली अक्का म्हणे. मीही तसंच म्हणू लागले.

नोकरीची जाहिरात आमच्या ह्यांनीच आणली. यशवंतपूरच्या पुढे रेडिओचे सुटे भाग बनवणारा एक लहानसा खासगी कारखाना निघाला होता. मॅट्रिक झालेल्या, नजर चांगली असलेल्या, बारीक बोटांच्या बायका पाहिजेत, असं त्यात लिहिलं होतं. ह्यांनी अक्कांसमोर माझा हात धरून बोटं दाखवली. जणू बाजारातून शेवग्याच्या शेंगा आणल्या होत्या. अक्कांनी बोटं बघितली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सरी, जाऊ दे. घरात तरी काय दिवे लावतेय!"

त्या कारखान्याने मला काय दिलं म्हणून सांगू! पहिल्यांदा मला स्वतःची खुर्ची मिळाली. घरात मी पाटावर, जोत्यावर, चटईवर बसले होते, पण जिच्यावर दुसरं कुणी बसत नाही अशी खुर्ची माझी कधीच नव्हती. सकाळी कारखान्याची बस पेठेच्या तोंडाशी येई. यशवंतपूर स्टेशनपाशी ती थांबली की रेल्वेने येणाऱ्या बायका धावत येऊन चढत. त्यांत माझ्या शेजारच्या बाकावर काम करणारी एक होती. येलहंक्याहून येई, म्हणून आम्ही तिला येलहंक्याची म्हणत असू. उंच, आडदांड, दोन मुलांची आई, आवाज असा की इंजिनाच्या शिट्टीने लाजावं. मला ती 'मराठी' म्हणे. बसमध्ये आम्ही इतक्या हसायचो की ड्रायव्हर मागे वळून बघे आणि मग आम्ही घाबरून त्याला समोर बघायला लावायचो.

काम होतं कॉइल गुंडाळायचं. केसापेक्षा बारीक तांब्याची तार, पायाने चालवायचं छोटं यंत्र, आणि वेढे मोजणारा एक आकड्यांचा डबा. काचेची बांगडी त्या तारेला नुसती घासली तरी तार तुटे आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. म्हणून दारातच सगळ्यांनी बांगड्या काढायच्या, रुमालात बांधायच्या आणि डब्याच्या पिशवीत ठेवायच्या, असा नियम होता. हे मी घरी सांगितलं मात्र, अक्का हातातली पळी तशीच धरून उभ्या राहिल्या. सवाष्ण बाई दिवसभर ओक्याबोक्या हातांनी बसणार? शेवटी तडजोड झाली. त्यांनी हळदीत भिजवलेला दोरा माझ्या दोन्ही मनगटांना बांधला. तो तारेला लागत नसे आणि अक्कांच्या मनालाही स्वल्प समाधान.

आता त्या फळ्याबद्दल सांगायला हवं. कॉइलच्या खोलीत आम्ही अठरा जणी होतो आणि समोरच्या भिंतीवर भला मोठा काळा फळा होता. प्रत्येकीचा नंबर आणि त्यापुढे तिने तासाभरात केलेल्या कॉइली. नेमून दिलेल्या भरल्या तर पांढऱ्या खडूने, कमी पडल्या तर तांबड्या. सुपरवायझर दर तासाला येऊन जुने आकडे पुसायचा आणि नवे लिहायचा. माणूस वाईट नव्हता. जाड भिंगांचा चष्मा, कपाळावर गंध, स्वतःच घाबरलेला. पण तो डस्टर हातात घेऊन फळ्याकडे वळला की अठरा बायकांची धास्तीने एकदम घाई उडे. तांबडा आकडा सलग पडला तर कामावरून काढतात, अशी बोलवा होती. प्रत्यक्षात कुणाला काढल्याचं मला आठवत नाही, पण बोलवा पुरेशी होती.

तासाचा आकडा भरावा म्हणून मी दुपारचा डबा चार घासांत उरकू लागले, मग तो तसाच परत नेऊ लागले. पाणी कमी प्यायचं, म्हणजे उठावं लागत नाही. पहाटे साडेचारला उठून अख्ख्या घराचा स्वयंपाक करून बस पकडायची, ते वेगळंच. झोपेत मी आकडे मोजते, असं हे म्हणाले. एकदा म्हणे झोपेतच ओरडले, "तुटली!" आणि ह्यांनी दचकून उठून खाटेची दोरी तपासली.

आणि मग माझी पाळी चुकली.

एक महिना झाला, मी पडवीत बसले नाही. दुसरा झाला, बसले नाही. गवळणीने दूध ओतताना नुसत्या भुवया उडवल्या. अक्का दोन बोटं मोजत, गालातल्या गालात हसत घरभर फिरत होत्या. मलाही वाटलं, झालं. मळमळत होतं, चक्कर येत होती, भूक नव्हती. आता वाटतं, दिवसभर उपाशी राहून दुसरं काय होणार! पण तेव्हा मी वेड्यासारखी आनंदले होते. तिसरा महिना लागला तशी अक्कांनी एका दुपारी दार लावून घेतलं आणि मला चोरचोळी दिली. आमच्याकडे दिवस गेले की तिसऱ्या महिन्यात गुपचूप खणाची हिरवी चोळी शिवून घालायला देतात, ती चोरचोळी. ती इतकी चोरून दिली की संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीला कळलं.

तीच चोळी घालून मी कामावर गेले होते. पाचव्या दिवशी, तारेचा दोनशेवा की तीनशेवा वेढा चालू असताना, पोटात कळ आली. येलहंक्याचीने माझ्या पातळाकडे बघितलं आणि आपली शाल माझ्या कमरेला गुंडाळली. बसमध्ये त्या दिवशी कुणी हसलं नाही. घरी आले ती सरळ मागच्या पडवीत जाऊन चटईवर बसले. अक्का दारात आल्या, मला बघितलं आणि आत गेल्या. थोड्या वेळाने चुलीवर भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला.

त्यानंतर जे सुरू झालं ते विचारू नका. चुलतसासू म्हणाली, बांगड्या काढते ना, त्याचंच हे फळ. मग पिंपळाच्या पारावरच्या नागाच्या दगडांना प्रदक्षिणा झाल्या, सोळा सोमवार झाले. पाळी आता कधी दीड महिन्याने येई, कधी तीन. अक्का एक दिवस माझ्या केसांना तेल लावत असताना म्हणाल्या, "दसऱ्यापर्यंत बघू. नाही तर काम सोड, पोरी. पोर पाहिजे घरात." रागाने नाही म्हणाल्या. त्याचाच मला जास्त राग आला. ह्यांना विचारलं तर ते म्हणाले, "अक्का म्हणते तेही खरं, तू म्हणतेस तेही खरं." असा नवरा असला की वेगळा शत्रू लागत नाही.

मला मूल हवं होतं. पार पोटातून हवं होतं. पण ती खुर्ची, ती बस, ती येलहंक्याची, हेही सगळं हवं होतं. एकासाठी दुसरं सोडायचं, आणि सोडूनही पहिलं मिळालं नाही तर? गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, अशी माझी गत झाली असती.

येलहंक्याचीने मला अर्ध्या दिवसाची रजा टाकायला लावली आणि प्रसूतीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. पांढरं पातळ, कानात मोत्याच्या कुड्या, बोलणं तिखट. त्यांनी तपासलं आणि मग असा एक प्रश्न विचारला, जो तोपर्यंत ना देवळात ना घरात कुणी विचारला होता. "काम काय करतेस?"

मी सांगायला लागले. पहाटेचं उठणं, तार, वेढे, फळा, तांबडा खडू. त्या मधेमधे विचारत होत्या. जेवतेस किती वाजता? जेवतेस का? झोप लागते? वजन किती उतरलं? सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "शरीर मूर्ख नसतं, बाई. घराला आग लागली असताना कुणी पाळण्याची दोरी वळत बसत नाही. तुझ्या शरीराला वाटतंय की आग लागलीय."

"म्हणजे बांगड्यांमुळे नाही ना?" मी विचारलं.

त्या इतक्या हसल्या की नर्स आत डोकावली. मग गंभीर झाल्या. "हेच कारण आहे असं मी छातीठोकपणे नाही म्हणत. असू शकेल. वेळेवर जेव, झोप, त्या फळ्याकडे बघू नकोस, आणि पाळी ठिकाणावर येते का बघ. आणि हो, पुढच्या खेपेला नवऱ्याला घेऊन ये. त्यालाही तपासायला हवं."

हे मी घरी सांगितलं तेव्हा आमचे हे ताडकन उठून बसले. "मला? मी रोज बारा सूर्यनमस्कार घालतो!" जणू मुलं वाटायचं काम सूर्याकडेच असतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत येलहंक्याचीने आपल्या त्या आवाजात अठराजणींसमोर माझं सगळं मांडलं. मला धरणी दुभंगावी असं झालं. पण मग ती म्हणाली, "आणि मलासुद्धा दोन महिने नाही आली. मला वाटलं, वय झालं." मग देवनहळ्ळीहून येणारी एक पोरगी, लग्न न झालेली, रडवेल्या आवाजात म्हणाली, "मला चार महिने नाही. मला वाटलं, मला क्षय झालाय." मग आणखी एक. मग तिच्यामागची. एकीला महिन्यातून दोनदा येत होती, ती म्हणाली, "तुमची सगळ्यांची मलाच येतेय वाटतं!" आणि आम्ही जे हसायला लागलो! डबे कलंडले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. प्रत्येकीच्या घरी गवळणीपर्यंत सगळ्यांना ठाऊक, आणि हाताच्या अंतरावर बसणाऱ्या आम्हाला एकमेकींचं काही ठाऊक नाही. सुपरवायझर दारातून विचारत होता, काय झालं, काय झालं? येलहंक्याची म्हणाली, "डोकं दुखतंय, सर. सगळ्यांचं."

फळा काढा, असं सांगायला आम्ही चौघी त्याच्याकडे गेलो. पण कारण काय सांगणार? पुरुषमाणसासमोर पाळीचा 'पा' काढायची तेव्हा प्राज्ञा नव्हती. "डोळ्यांवर ताण येतो," असं काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, "फळा वरून आलाय." वरून म्हणजे मॅनेजरकडून की आकाशातून, ते त्याने सांगितलं नाही. आणि दसरा आता पंधरा दिवसांवर होता.

खंडेनवमीला, म्हणजे बंगळूरकरांच्या आयुधपूजेला, तिथल्या कारखान्यांत घरच्यांना बोलवायची पद्धत आहे. आदल्या दिवशी आम्ही यंत्रं पुसून लख्ख केली. दाराला केळीचे खांब आणि आंब्याची पानं लागली. अक्का येतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण त्या इरकली नेसून, नथ घालून, ह्यांच्या आणि अण्णांच्या पुढे चालत आल्या. "माझा नातू कुणी अडवून धरलाय, ते बघते की एकदा," असं त्या बसथांब्यावर म्हणाल्या, हे मला ह्यांनी नंतर सांगितलं.

मी त्यांना माझ्या बाकाशी नेलं. पूजेच्या दिवशी यंत्र चालवायचं नसतं, म्हणून नुसती तार दाखवली. त्यांनी ती अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये अलगद धरून सोडली, पुन्हा धरली. न तोडता. मी चकितच झाले. नवीन पोरींना हे जमायला आठवडा लागे.

"रेशमाहून बारीक आहे," त्या म्हणाल्या. "दिवसाला किती?"

मी सांगितलं.

"आणि ते काय?" त्यांनी फळ्याकडे बोट दाखवलं. कालचे शेवटचे आकडे तसेच होते. मी म्हटलं, कुणी किती केल्या ते. पांढरं म्हणजे भरल्या, तांबडं म्हणजे कमी. "तुझं कुठलं?" मी दाखवलं. तांबडं होतं.

अक्का माझ्या खुर्चीवर बसल्या. मग फळ्याकडे बघतच बोलू लागल्या. त्या लग्न होऊन पेठेत आल्या तेव्हा घरात विणकरांसाठी नळ्यांवर रेशीम गुंडाळून कांड्या भरायचं काम चालायचं. चार जावा चार रहाटांवर बसायच्या. सणासुदीच्या आधी व्यापारी घाई करायचे. त्यांची सासू प्रत्येकीपुढे कांडीमागे एक चिंचोका ठेवायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. जिच्यापुढे चिंचोके कमी, तिचं ताट शेवटी.

"त्या महिन्यांत आम्हां चौघींपैकी कुणालाच बाहेर बसावं लागायचं नाही," अक्का म्हणाल्या. "दोन-दोन महिने. आम्ही म्हणायचो, अंबाबाई कामाला सवड देते. तिचे उपकार म्हणून नवरात्रात पाच मुठी तांदूळ जास्त वाहायचो." त्या थांबल्या आणि माझ्याकडे वळून बघितलं. "सवड कशाची गं ती..."

तेवढ्यात भटजी आरती घेऊन आमच्या खोलीत आले. एकेका यंत्राला हळदकुंकू लावत, फूल वाहत पुढे जात होते. अक्का उठल्या. भटजींच्या हातातलं हळदकुंकवाचं ताट त्यांनी असं काढून घेतलं की जणू घरचंच भांडं. चार पळ्या पाणी हळदीत घालून ती कालवली आणि सरळ फळ्याकडे गेल्या.

"अम्मा, ते यंत्र नाही," सुपरवायझर मागून धावला.

अक्कांनी कानडीत विचारलं, "याच्यामुळे काम होतं की नाही?"

"होतं."

"मग हे आयुध नव्हे तर काय?"

अक्कांनी बोटांनी फळ्यावर, पांढऱ्या-तांबड्या सगळ्या आकड्यांवरून, हातभर लांबीरुंदीचं स्वस्तिक काढलं. चार कोपऱ्यांत आणि मध्ये कुंकवाची बोटं उमटवली. वर झेंडूची माळ चढवली. येलहंक्याचीला एका क्षणात सगळं कळलं. ती पुढे आली, फळ्याला नमस्कार केला आणि आपलंही कुंकवाचं बोट उमटवलं. मग देवनहळ्ळीची. मग एकामागून एक आम्ही सगळ्या. पाच मिनिटांत त्या फळ्यावर एक आकडा मावेल एवढी जागा उरली नाही. अक्कांनी सुपरवायझरला चुरमुरे आणि खोबऱ्याचा तुकडा दिला आणि अगदी मायेनं सांगितलं, "पूजलेलं पुसायचं नाही, बरं का. पुढच्या नवमीपर्यंत."

परतताना मी विचारलं, "अक्का, असा नियम आहे?"

"आहे की," त्या म्हणाल्या. "आत्ताच केला."

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. पहिल्या तासाला सुपरवायझर डस्टर घेऊन फळ्यासमोर उभा राहिला. आम्ही अठराजणी मान खाली घालून यंत्रं चालवत होतो आणि श्वास रोखून त्याच्या पायांकडे बघत होतो. त्याने एकदा हात उचलला. मग डस्टर खाली ठेवला, गंधाला हात लावला आणि खिशातून वही काढली. मॅनेजर आठ दिवसांनी आला, त्यानेही फळ्याकडे बघितलं, हात जोडले आणि निघून गेला. तेव्हापासून आकडे वहीत. कमी पडले तर सुपरवायझर बाकाशी येऊन हळू आवाजात सांगे. धास्ती वाटे, पण एकीलाच, आणि तीही थोडा वेळ. कॉइली काही कमी झाल्या नाहीत. तारा मात्र कमी तुटू लागल्या.

दसरा उलटला, आणि अक्का काम सोडण्याबद्दल बोलल्या नाहीत. मीही विषय काढला नाही. झोपलेल्या कुत्र्याला खडा मारायची माझी काय बिशाद! एका सकाळी मी उठले तर चूल पेटलेली. "सकाळचा स्वयंपाक माझा," अक्का म्हणाल्या. "झोप स्वल्प." आणि डब्यात आता इतकं भरायचं की येलहंक्याची सुट्टी व्हायच्या आधीच वास घेऊन विचारी, "आज अक्कांनी काय दिलंय?"

दोन महिन्यांनी माझी पाळी आली. मग बरोबर तिसाव्या दिवशी पुन्हा. मी पडवीत चटईवर बसले होते, आणि अक्कांनी काय करावं? शिरा केला. साजूक तुपातला, वेलदोडा घातलेला. दुरून माझ्यापुढे ताट सरकवलं, चुलतसासूकडे वाटी पाठवली, गवळणीच्याही हातावर घातला. गवळणीने विचारलं, "कशाचा शिरा, अक्का?" अक्का म्हणाल्या, "सुनेला कावळा शिवला म्हणून." ती बिचारी शिरा हातात घेऊन तशीच उभी राहिली. अक्कांना भ्रम झाला, असं चुलतसासूने त्या दिवशी चार घरी सांगितलं.

कारखान्यात आमची वेगळीच खूण ठरली. जिची वेळेवर येईल तिने दुसऱ्या दिवशी घरातल्या बरणीत गुपचूप हात घालून सगळ्यांसाठी लोणचं आणायचं. पाळीत लोणच्याला शिवलं की ते नासतं, म्हणतात ना! म्हणून मुद्दाम. लिंबाचं, आंब्याचं, आवळ्याचं, कोवळ्या कैऱ्यांचं, त्या वर्षी आम्ही इतकं लोणचं खाल्लं. एकही नासलं नाही. सगळ्यांचंच सगळं ठीक झालं असं नाही. आमच्यातल्या एकीला पुढेही मूल झालं नाही, आणि तिचं कारण वेगळं निघालं. पण तीसुद्धा लोणचं आणायची.

आमचे हे एकदाचे डॉक्टरीणबाईंकडे गेले. जाताना असे गेले की जणू फाशीला चाललेत, आणि सगळं व्यवस्थित आहे हे कळल्यावर असे आले की जणू किल्ला जिंकून आलेत. ते त्यांनी अण्णांना सांगितलं, शेजारी सांगितलं, आणि मला वाटतं गवळणीलाही सांगितलं असावं.

पुढल्या उन्हाळ्यात माझी पाळी चुकली. मी नीट जेवत होते, झोपत होते, पातळ पोटाशी घट्ट होत होतं. मी अक्कांना सांगितलं तर त्या हसल्यासुद्धा नाहीत. मागच्या खेपेला हात पोळले होते ना! दुसऱ्याच दिवशी मला डॉक्टरीणबाईंपुढे उभं केलं, आणि त्यांनी तीनदा 'हो' म्हटल्यावर मग अक्का खुर्चीत बसल्या. पाचव्या महिन्यापर्यंत अण्णांनासुद्धा सांगितलं नाही. मी आठव्या महिन्यापर्यंत कामावर गेले. पोट बाकाला टेकायचं, आणि आतून लाथ बसली की वेढा चुकायचा. सुपरवायझरने माझी खुर्ची स्वतःच्या हाताने मागे सरकवून दिली आणि हळूच विचारलं, कितवा?

मुलगी झाली. काळीसावळी, डोक्यावर दाट जावळ, आणि आवाज थेट येलहंक्याचीचा. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात माझ्या खाटेभोवती सगळे जमले होते. अक्का बाळाला मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या होत्या, डॉक्टरीणबाई माझी नाडी बघत होत्या. चुलतसासूने माझ्या पायांवर हात ठेवला आणि म्हणाली, "देवाने दिलं. आता पुरे झालं काम. घरी बस." हे खिडकीबाहेर बघू लागले. मी अक्कांकडे बघितलं. घरात शेवटचा शब्द त्यांचा असे, आणि पोर हवं म्हणून काम सोड, असं सांगणाऱ्याही त्याच होत्या. आता पोर आलं होतं.

अक्का डॉक्टरीणबाईंकडे वळल्या.

"एक विचारू? हा," त्यांनी ह्यांच्याकडे मान केली, "मला सात वर्षांनी झाला. पहिली सात वर्षं काही नाही. मी कांड्या भरायचे. माझ्या सासूने दुसरी सून बघायलासुद्धा सुरुवात केली होती. मी वांझ, मी पापी, मागच्या जन्मी कुणाचं तरी पोर तोडलेली. सगळं ऐकलं मी." त्यांनी बाळाचं दुपटं सारखं केलं. "हिला तुम्ही जे सांगितलं, ते तेव्हा माझंही असेल का?"

डॉक्टरीणबाईंनी माझा हात खाली ठेवला. "इतक्या वर्षांनी मला ते सांगता यायचं नाही, अक्का. असेलही. पण तुमची चूक नव्हती, एवढं आज सांगते."

अक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांनी ते पुसलं नाही, कारण दोन्ही हातांत बाळ होतं. चुलतसासूही त्याच घरातली जाऊ, त्याच खोलीत तिचाही रहाट होता. ती पदराचं टोक तोंडाला लावून खाली बघत होती.

"पस्तीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही," अक्का म्हणाल्या. मग नाक ओढून त्या चुलतसासूला म्हणाल्या, "ही तीन महिन्यांनी कामावर जाईल. पोरीला मी बघते."